माळ्यावरचा रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका

दिवाळीची साफसफाई उरकली की नवी पेठेतल्या आमच्या दुकानात धुळीनं माखलेले सेट येऊ लागतात आणि या सदराकडे पत्रं. यंदाची पत्रं वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. जुन्या रेडिओ-टीव्हीतून ‘किरणं’ येतात का, ही भीती जवळपास प्रत्येकाला आहे. पिचलेली वायर, गळका कंडेन्सर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग), भिंतीवरून ओघळणारं तेल यांची मात्र कुणाला फिकीर नाही. माणसाला इजा होते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीमुळे. म्हणून या महिन्यात त्याच पत्रांना जागा दिली आहे. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत.

ताई, आजोबांचा लाकडी कॅबिनेटचा व्हॉल्व्ह रेडिओ माळ्यावर सापडला. १९६०च्या आसपासचा असावा. मुलानं हौसेनं प्लग लावला. डायलचा दिवा लागला, घूं असा आवाज आला. मागचा स्क्रू चाचपताना माझ्या बोटांना मुंग्या आल्या, म्हणून बंद केला. आई म्हणायची, ‘त्याला ओल्या हातानं शिवू नका.’ डायलवरचे आकडे अंधारात थोडा वेळ चमकतात. त्यात रेडियम असेल का? घरात लहान मुलं आहेत. — एक वाचक, बाळे

काका, रेडियमचं, म्हणजे किरणं सोडणाऱ्या त्या धातूचं, आधी संपवते. रेडियमचा रंग मुख्यतः घड्याळांच्या तबकड्यांवर आणि विमानातल्या मीटरांवर लावत. घरगुती रेडिओच्या डायलला मागून बल्बचा उजेड असतो, तिथं त्याची गरजच नव्हती. दिवा विझल्यावर आकडे थोडा वेळ चमकून मावळत असतील, तर तो उजेड पिऊन परत देणारा साधा रंग आहे. रेडियमला उजेड दाखवावा लागत नाही. उलट रेडियमच्या जुन्या तबकड्या आज चमकतही नाहीत, कारण त्यातलं चमकणारं रसायन काही दशकांत थकतं. रेडियम मात्र तसंच राहतं, ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. आजोबांचं जुनं मनगटी घड्याळ घरात असेल तर त्याची काच उघडून तबकडी खरवडू नका, एवढं ध्यानात ठेवा.

आता मुंग्यांकडे येऊ, कारण खरा घोर तिथं आहे. आईंनी बरोबर सांगितलं होतं.

सेटच्या मागचं पुठ्ठ्याचं झाकण लांबूनच बघा. त्यावर ‘एसी/डीसी’ असं छापलंय का? किंवा व्हॉल्व्हचे (आतल्या काचेच्या नळ्यांचे) नंबर इंग्रजी यू अक्षरानं सुरू होतात का, जसं यूएल ८४, यूवाय ८५? तसं असेल तर या सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मरच, म्हणजे भिंतीतली वीज सेटपासून वेगळी ठेवणारा भागच, नाही. त्या काळी काही ठिकाणी घरात डीसी वीज यायची, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून कंपन्यांनी सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एका माळेत जोडले आणि विजेची एक तार सरळ लोखंडी चॅसीला, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या आतल्या सांगाड्याला, लावली. प्लग दोन पिनांचा, कसाही फिरवून घाला. एका बाजूनं घातला तर चॅसीवर न्यूट्रल (परतीची तार) येतो, दुसऱ्या बाजूनं घातला तर २३० व्होल्टचा फेज, म्हणजे शॉक देणारी तार. तुमच्या बोटाला लागलेला स्क्रू चॅसीत रुतलेला होता.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. बटण चॅसीकडच्या तारेत असेल आणि प्लग उलटा लागला असेल, तर रेडिओ ‘बंद’ असतानाही फिलामेंटच्या माळेतून फेज चॅसीपर्यंत पोचतो. दिवा विझलेला, आवाज नाही, आणि चॅसीला टेस्टर लावला तर पेटतो! नॉब निखळला की त्याचा पितळी दांडा उघडा पडतो. लहान मुलाचा हात नेमका तिथंच जातो.

हे सेट नवे असताना यावर उपाय केलेला होता. नॉब बेकेलाइटचे, नॉबचे स्क्रू खोल बसवून वर मेण भरलेलं, एरियलच्या सॉकेटमागे कंडेन्सर. आज नॉबमधलं मेण पडून गेलेलं असतं आणि कंडेन्सर कागदाचे असतात. कागद आणि मेणाचा हा कंडेन्सर साठ वर्षांत ओल पितो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याचं मेण मऊ होऊन ओघळतं. मग जिथून वीज अडायला हवी तिथून ती झिरपायला लागते. एरियलचा कंडेन्सर झिरपला की फेज एरियलवर जातो. आठवतं ना, पूर्वी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची? तीच एरियल. धुणं वाळत घालायला हात वर केला की शॉक.

दुसरा झिरपणारा कंडेन्सर आउटपुट व्हॉल्व्हच्या आधी असतो. तो गेला की व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, त्याची आतली पत्री लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो धूर जळक्या वार्निशचा आणि तापलेल्या बेकेलाइटचा असतो, घसा आणि डोळे चांगलेच चुरचुरतात. तिसरा म्हणजे फिल्टर कंडेन्सर, अ‍ॅल्युमिनियमचा डबा. तुम्ही ऐकलेली घूं त्याचीच असणार. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं त्याच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो तापतो, आत वायू धरतो आणि कधी कधी फटाक्यासारखा फुटून आतली ओली लडी बाहेर फेकतो. समोर कुणाचा चेहरा असू नये.

तेव्हा आता काय करायचं? प्लग लावू नका, ‘फक्त बघायला’सुद्धा नाही. मेकॅनिककडे द्या, पण देताना विचारा, ‘सिरीज बल्बवर चालू करणार ना?’ सेटच्या माळेत, म्हणजे वीज बल्बातूनच सेटमध्ये जाईल असा, ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावायचा, एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. मात्र बल्बनं सेट वाचतो, माणूस नाही. माणसासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनपासून पूर्ण वेगळा करणारा, लागतो. व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) किंवा स्टॅबिलायझर म्हणजे आयसोलेशन असा समज आमच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांतही आहे. तो साफ चुकीचा. बहुतेक व्हेरिअ‍ॅकना एकच गुंडाळी असते, मेनशी थेट जोडलेली.

प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये २५०-३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची पद्धत मला आवडत नाही. त्यानं कंडेन्सरला मार बसतो आणि हात झटकला जाऊन भलतीकडं आपटतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग मीटरनं शून्य आलंय का ते बघायचं.

आणि कॅबिनेटच्या आत, छताला, एखादा करडा-पांढरा भुसभुशीत पुठ्ठा दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तापणाऱ्या रेझिस्टरपासून लाकूड वाचवायला तो लावत. तो जागच्या जागी राहिला तर काही करत नाही. ब्रशनं झाडला, पॉलिशपेपरनं घासला की त्याचे तंतू हवेत येतात, फुप्फुसात जातात आणि तिथंच राहतात. माळ्यावरून आणलेल्या सेटवर ब्लोअर मारायची आपल्याकडे पद्धत आहे. आधी आत टॉर्च मारून बघा.

दुरुस्त झाल्यावर आजोबांचा रेडिओ खुशाल वाजवा. मीडियम वेव्हवर एखादं स्टेशन त्या लाकडी खोक्यातून ऐकायचं सुख वेगळंच आहे.

ताई, होटगी रस्त्याला माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. वडिलांच्या काळचा मोठा चार्जर अजून वापरतो. त्यात करड्या चौकोनी प्लेटा एका दांड्यावर ओवलेल्या आहेत. हल्ली बॅटऱ्या भरायला फार वेळ लागत होता. परवा त्यातून भयंकर घाण वास सुटला, कुजलेल्या मुळ्यासारखा. माझं डोकं धरलं, दोन पोरं खोकत बाहेर पळाली. एकजण म्हणतो प्लेटा काढून डायोड टाका, स्वस्तात होईल. — एक व्यावसायिक वाचक

दादा, पोरं पळाली हे उत्तम झालं. त्या प्लेटा सेलेनियमच्या. लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर देऊन एसीचं डीसी करायचे. सिलिकॉन डायोड स्वस्त होईपर्यंत, म्हणजे ढोबळमानानं १९३०च्या दशकापासून १९७०च्या आसपास, चार्जर, अ‍ॅम्प्लिफायर, काही रेडिओ-टीव्ही, सगळीकडे याच असत. म्हातारपणी त्यांचा अडथळा वाढतो. करंट कमी जातो आणि प्लेट तापते. बॅटरी उशिरा भरत होती ती याचमुळे. प्लेटेवरचा रंग पोपडे धरून उडालेला असेल, बघा.

फार तापली की सेलेनियमची वाफ होते, हवेत जळून सेलेनियम डायऑक्साइड होतो आणि तो नाकाच्या, डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो. सोबत सेलेनियमचे इतर विषारी वायूही निघू शकतात. हा वास एकदा घेतलेला माणूस पुन्हा विसरत नाही, सडका मुळा आणि शिळा लसूण एकत्र. वास आला की मेन स्विच पाडायचा आणि बाहेर यायचं. पुठ्ठ्यानं वारा घालत तिथंच उभं राहायचं नाही, ‘कुठून येतंय’ म्हणून नाक तर मुळीच न्यायचं नाही. पोरांना अजून खोकला किंवा छातीत जडपणा असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘सेलेनियमचा धूर गेलाय’ असं स्पष्ट सांगा. अशा वायूंचा फुप्फुसावरचा परिणाम कधी कधी काही तासांनी दिसतो आणि साध्या खोकल्याचं औषध घेऊन माणूस घरी बसतो.

प्लेटा काढताना हातमोजे घाला. त्यांना घासू नका, भंगारात सुट्ट्या देऊ नका, जाड पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या.

डायोडचा सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. सेलेनियमची एक प्लेट साधारण एक व्होल्ट खाते, थकली की त्याहून जास्त, आणि तुमच्या चार्जरमध्ये त्या ओळीनं आहेत. सिलिकॉनचा ब्रिज (चार डायोडचा संच) सगळा मिळून दीडेक व्होल्ट खातो. म्हणजे तोच ट्रान्सफॉर्मर, पण बॅटरीकडे व्होल्टेज वाढलेलं आणि करंट पूर्वीच्या कितीतरी पट. बॅटरी उकळायला लागेल, हायड्रोजन सुटेल, आणि चार्जिंगच्या दुकानात क्लिप काढताना ठिणगी ही ठरलेलीच. म्हणून ब्रिज टाकल्यावर ट्रान्सफॉर्मरचा खालचा टॅप (कमी व्होल्टेजचं टोक) घ्या किंवा जास्त वॉटचा छोटा रेझिस्टर माळेत लावा, आणि अ‍ॅमीटर बघत करंट बॅटरीच्या अ‍ॅम्पिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याजवळ ठेवा. १०० अ‍ॅम्पिअर-अवरला १० अ‍ॅम्पिअर. हे न करता नुसते डायोड ठोकून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

आमची पूर्व भागातली लूमची शेड बरीच वर्षं बंद आहे. भिंतीवर जुने पत्र्याचे डबे आहेत, लाईट बिल कमी यावं म्हणून बसवलेले कंडेन्सर. त्यातल्या एकातून मधासारखं चिकट तेल गळतंय. आमचा वॉचमन ते गुडघ्याला चोळतो, म्हणतो आराम पडतो. भंगारवाला सगळे डबे मागतोय. द्यावेत का? — एक वाचक, अशोक चौक

आधी वॉचमनमामांना थांबवा. आजच. पत्र पुढे नंतर वाचा.

पॉवर फॅक्टरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या बिल कमी करायला लावलेल्या, जुन्या कंडेन्सरमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाचं तेल भरत. पेट घेत नाही, खराब होत नाही, म्हणून इंजिनिअर लोकांना ते फार प्रिय होतं. खराब होत नाही हीच त्याची खोड. ते शरीरातही खराब होत नाही, चरबीत साठून राहतं. कातडीतून आत जातं. जपानमध्ये १९६८ साली तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात कारखान्यातल्या नळीतून हे पीसीबी गळलं. ते तेल खाल्लेल्यांच्या अंगावर मोठमोठे काळपट फोड उठले, आणि आजारी पडलेल्या बायकांची बाळं काळवंडलेल्या कातडीची जन्मली. १९७९ साली तैवानमध्ये पुन्हा तसंच घडलं. आता ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे. अमेरिकेनं १९७९मध्ये उत्पादन बंद केलं, घातक टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात ते पहिल्या यादीत आहे आणि आपण तो करार २००६ साली मान्य केला. त्यात पीसीबी वापरातून काढायची मुदत २०२५ ही होती.

तुमच्या डब्यात पीसीबीच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. १९८०च्या आधीचा डबा, पत्र्याचा, सीलबंद, पाटीवर ‘पीसीबी नाही’ असं लिहिलेलं नाही, तर तो पीसीबीचा समजूनच वागायचं. पाण्यात थेंब टाकून बुडतो का बघा, असं कुणी सांगेल. तेल जड असेल तर बुडेल, खरंय, पण त्यावर विसंबायचं नाही आणि त्या पाण्याचं पुढे काय करणार?

भंगारवाल्याला देऊ नका. तो डबा फोडणार, तेल ओतून देणार, तार मोकळी करायला जाळणार. पीसीबी कमी आचेवर जळलं की डायॉक्सिन आणि फ्युरॉन तयार होतात, ती मुळापेक्षा विषारी. आणि ते ओतलेलं तेल कुणाच्या बोअरला लागेल सांगता येत नाही.

नायट्रिलचे मोजे घालून गळती जुन्या कापडानं टिपा, पाण्यानं धुऊन मोरीत घालवू नका. कापड, मोजे दुहेरी पिशवीत. डबा उभाच ठेवून खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला लेखी कळवा आणि अधिकृत घातक कचरा उचलणारे कोण ते तिथूनच घ्या. खर्च येईल. मामांचे पाय साबणानं धुवा, लुंगी टाकून द्या, आणि कातडीवर फोड किंवा काळे डाग दिसले तर डॉक्टरांना तेलाचं नाव सांगा. गुडघ्यांसाठी त्यांना तिळाचं तेल आणून द्या, माझ्या नावावर.

मी घरी युनिफॉर्म शिवते. मोटरची परदेशी जुनी मशीन आहे. हल्ली पायाखालच्या पेडलवर पाय नसतानाही मोटर हळू गुणगुणते, आणि काल पेडलमधून पांढरा धूर आला. — एक वाचक, विडी घरकुल

ताई, प्लग काढून ठेवा आणि काम साध्या पायंडलच्या मशीनवर करा. पेडलमध्ये रेडिओची खरखर थांबवायला एक छोटा कंडेन्सर असतो. १९७०-८०च्या दशकातल्या परदेशी मालात तो पारदर्शक पिवळसर प्लास्टिकात गुंडाळलेल्या कागदाचा असे. त्या प्लास्टिकला बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि एक दिवस फट्‌ आवाज, धूर, चिकट पाझर. धूर तिखट असतो, खिडकी उघडा आणि खोली सोडा. पण मला धुरापेक्षा सुईची काळजी वाटते. हा कंडेन्सर शॉर्ट झाला तर पेडलला वळसा घालून वीज मोटरला मिळते आणि मशीन पूर्ण वेगानं धावतं. तेव्हा बोट सुईखाली असलं तर?

भाग स्वस्त आहे, हट्ट फक्त प्रकाराचा धरा. जुन्यावर ०.१ मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ‘एक्स २’ छापाचा, २७५ व्होल्ट एसीचा. दुकानदार ४०० व्होल्टचा साधा कंडेन्सर देईल, ‘आकडा मोठा आहे’ म्हणेल. ते ४०० डीसीचे. एक्स २ गेला तर आग न लागता जावा अशी त्याची चाचणी झालेली असते. कंडेन्सरची एक वायर मशीनच्या बॉडीला जोडलेली असेल तर तिथं मात्र ‘वाय २’च.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीतून एक्स-रे येतात का?

येत नाहीत म्हटलं तरी चालेल. असा टीव्ही पंधरा-अठरा हजार व्होल्टवर चालतो, आणि जे काही निघतं ते काच अडवते. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत सेटच्या व्हॉल्व्हमधून जास्त किरणं निघाली, बोभाटा झाला, तेव्हापासून ही भीती जगभर फिरते आहे. चित्र अचानक आक्रसलं आणि फार लख्ख झालं तर व्होल्टेज चढलेलं असू शकतं, तेव्हा सेट बंद करा. तुम्ही भ्यायचं ते पिक्चर ट्यूबला. आत पोकळी असते, मानेला धक्का लागला की काच आत कोसळून उडते. आणि बंद केल्यावरही रबरी टोपीखालचा झटका दिवस-दिवस टिकून राहतो.

मुलगा डिप्लोमाला आहे, घरीच जुने बोर्ड दुरुस्त करतो. सोल्डरचा धूर शिशाचा असतो का? — एक आई, जुळे सोलापूर

धूर शिशाचा नसतो. सोल्डर, म्हणजे जोडकामाची शिसं-कथलाची तार, १९० अंशांच्या आसपास वितळतं, त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. धूर सोल्डरमधल्या राळेचा असतो, पण तोही निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षं नाकात गेला तर दमा लागू शकतो. छोटा पंखा आडवा लावून धूर चेहऱ्यापासून दूर न्यायचा.

शिसं जातं ते हातातून तोंडात. पोरं सोल्डरची तार दातांत धरतात आणि त्याच टेबलावर भाकरी-शेंगाचटणी खातात. सोल्डरचं टेबल वेगळं, हात साबणानं, आणि धाकट्या भावंडांना त्या टेबलाखाली रांगू द्यायचं नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डवर निळी किंवा हिरवी बॅटरी फुटून पांढरी बुरशी आली असेल तर ती बहुधा निकेल-कॅडमियमची, तिचा पाझर अल्कलीचा असतो, कातडी आणि डोळे भाजतो. चष्मा आणि मोजे घालून कापसाला व्हिनेगर लावून पुसायला सांगा. सुकलेला चुरा फुंकायचा नाही, त्यात कॅडमियम असू शकतं.

पुढच्या महिन्यात गिझर आणि जुन्या इस्त्र्या. पत्रासोबत सेटच्या मागच्या पाटीचा फोटो पाठवा, झाकण न उघडता काढलेला.